खाऱ्या पाण्याचे ठिपके

"ताई, बोअरचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका. लगेच पुसून घ्या. ठिपके बसले की निघता निघत नाहीत."

धडगावच्या गोवालनं हे सांगितलं तेव्हा नूतन नुसती हसली होती. गोवाल घाटात प्रवासी जीप चालवायचा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर डोंगरातून माणसं घेऊन कळसाडीला यायचा. माणसं उतरेपर्यंत तो नूतनच्या सासरच्या अंगणात उभा होता आणि नवीन गाडीवर पाइपनं पाणी मारणाऱ्या नूतनकडे बघून न राहवून बोलला होता. नूतनला वाटलं, पाण्यानं कधी डाग पडतात का? पाणी तर डाग काढतं. आणि हे तिला वाटावं म्हणजे कमालच, कारण शहाद्याच्या कॉलेजातून ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती. कठीण पाणी, मृदू पाणी, त्यातले क्षार, सगळं तिनं दहा मार्कांच्या उत्तरात लिहिलेलं होतं.

एरवी नूतन म्हणजे काळजीचं दुसरं नाव. दीड वर्षाच्या जिनलचं दूध ती मनगटावर तीनदा थेंब टाकून बघायची. झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट धरून श्वास चाललाय ना याची खात्री करायची. गाडी धुण्यामागेसुद्धा काळजीच होती. वेचणीच्या दिवसांत अंगणात कापसाची तूस आणि धूळ उडते, ती गाडीच्या दाराला चिकटते, दाराला लागलेले हात जिनल तोंडात घालते. म्हणून गाडी रोज धुवायची. आणि धुवायची कधी, तर जिनल दुपारी झोपली की, म्हणजे भर उन्हात. पाइप सोडायचा, चारी बाजूंनी पाणी मारायचं आणि पोरगी उठायच्या आत घरात पळायचं. पुसायला वेळ कोणाकडे होता?

गाडी घेतली होती सासऱ्यांनी, शांतीलालआबांनी, दसऱ्याला. केळी आणि उसात जन्म गेलेला माणूस, पण गाडीच्या बाबतीत पोरासारखा. शोरूममध्येच त्यांनी सगळ्यांशी वाद घातला होता. नूतनचा नवरा हेमकांत म्हणाला, आबा, निळी छान आहे. सेल्समन म्हणाला, काका, ही गडद निळी. आबा ठाम होते. "गाडी काळी शे. माले नका शिकाडू," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. तेव्हापासून गावभर ती शांतीलालभाऊंची काळी गाडी झाली आणि घरातल्यांनीही मान डोलवायचं धोरण ठेवलं.

खरी गोष्ट ही की आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. दोन वर्षं डॉक्टर सांगत होते, दोन वर्षं आबा टाळत होते. टीव्ही जुना झाला, बल्ब मंद आहेत, हवेत धुकं आहे, सगळ्यांत खोट होती, फक्त डोळ्यांत नव्हती. मग दिवाळीच्या आठवड्यात आबा जिनलला कडेवर घेऊन ओट्यावरून उतरत होते आणि शेवटच्या पायरीला जमीन समजून त्यांनी पाय टाकला. पडले नाहीत. खांबाला धरून सावरले. जिनल तर खिदळली. पण स्वयंपाकघराच्या दारातून नूतननं ते पाहिलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली.

त्या दिवसापासून ती आबांच्या मागे लागली. सुनेनं सासऱ्याला किती बोलावं याची जी काही हद्द कळसाडीत आहे, ती तिनं रोज थोडी थोडी ओलांडली. शेवटी आबा तयार झाले, पण अर्ध्यावर. म्हणाले, आधी एक डोळा करतो. नीट दिसलं तर दुसऱ्याचं बघू. नाही दिसलं तर या घरात पुन्हा डोळ्याचं नाव काढायचं नाही. डॉक्टरांनी नूतनला बाजूला घेऊन बजावलं होतं, की दुसरा डोळा जास्त पिकलेला आहे आणि एकाच डोळ्यावर चालणाऱ्या माणसाला पायरीचा अंदाज येत नाही. म्हणजे दुसरा डोळा झाल्याशिवाय नूतनची काळजी मिटणार नव्हती आणि जिनलला आबांच्या कडेवरून ओढून घ्यायचं पाप तिच्या हातून रोज घडणार होतं.

मंगळवारी हेमकांत आबांना ऑपरेशनसाठी चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. बसनं गेला, कारण नव्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास कुलदेवीलाच झाला पाहिजे, दवाखान्यात नाही, हे आबांनी आणि सासूबाईंनी, म्हणजे प्रमिलाबाईंनी, एकमतानं ठरवलं होतं. त्या दोघांचं एकमत वर्षातून एखाद्याच वेळी होत असल्यामुळे कोणी वाद घातला नाही.

बुधवारी अकराला हेमकांतचा फोन आला. पट्टी काढली. आबा दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत सुटलेत. समोरच्या बाईंच्या साडीची किनार कोणत्या रंगाची तेही सांगितलं, त्या बाई रागावल्यात. हेमकांत हसत होता, नूतनही हसली. मग तो म्हणाला, "आबा म्हणतात, दुसऱ्या डोळ्याचं इथं काही विचारू नका. घरी जाऊन आधी गाडी बघतो. ती चकचकीत दिसली तर पुढचं. तीनपर्यंत पोचतो आम्ही."

नूतनचं हसू जागच्या जागी थांबलं.

गाडीवर आठ दिवसांपासून कव्हर होतं. ते नूतननंच घातलं होतं, आणि धुळीसाठी नव्हतं घातलं. तिनं अंगणात जाऊन ते ओढून काढलं. बॉनेट, टप, दारं, डिकी, सगळीकडे पांढरे गोल ठिपके. कोणी मूठभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून गाडीवर शिंपडावं तसे. एका ठिपक्यावर तिनं नख फिरवलं. ठिपका हसल्यासारखा तिथंच राहिला.

दोन वर्षं आबा एकच तर सांगत होते, की हवेत धुकं आहे, सगळं पांढरं पांढरं दिसतं. आता तीन वाजता ते येणार, नव्या डोळ्यानं पहिल्यांदा गाडी बघणार आणि त्यांना काय दिसणार? पांढरं पांढरं.

प्रमिलाबाई बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. सून काही लपवत होती हे त्यांना आठ दिवसांपासून माहीत होतं, फक्त ते काय हे आज कळलं. त्या रागावल्या नाहीत. घरात जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि बॉनेटचा कोपरा तेलानं चोळला. ठिपके गायब. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. प्रमिलाबाईंचा चेहरा असा फुलला की नूतनला पुढचं सांगवेना. पण पाच मिनिटांत तेल वाळलं, वाऱ्यानं त्यावर कापसाची तूस आणून चिकटवली आणि तिच्याखालून ठिपके पुन्हा डोकावू लागले. आता गाडीला मिशा फुटल्यासारखं दिसत होतं.

ते तेल साबणानं काढण्यात पाऊण तास गेला. नूतन फडकं पिळत होती तेवढ्यात प्रमिलाबाई गोठ्यामागच्या खोलीतून निळा कॅन उचलून आणताना दिसल्या.  तो ठिबकचा ॲसिडचा कॅन होता.

कळसाडीत हे कोणालाही सांगावं लागत नाही. बोअरचं पाणी खारं, ठिबकच्या नळ्यांची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजतात आणि केळीला पाणी पोचत नाही. मग हंगामात एकदा नळ्यांमधून ॲसिड सोडायचं, चोवीस तास ठेवायचं आणि नळ्या धुऊन काढायच्या. भोकं नव्यासारखी मोकळी होतात. प्रमिलाबाईंनी हे तीस वर्षं पाहिलेलं होतं.

"नळीले जे लागस, तेच गाडीले लागेल शे," त्या म्हणाल्या. "एक तांब्या ओत. अर्ध्या घंट्यामा साफ."

"आई, ते खाली ठेवा."

"काब्रं? नळीतलं निघस ना?"

"नळी प्लॅस्टिकची आहे. गाडीला रंग आहे. ठिपक्यांसोबत रंगही जाईल, खालचा पत्रा उघडा पडेल. आणि झाकण उघडू नका, जिनल आत्ता उठेल." नूतननं कॅन त्यांच्या हातातून काढून घेतला, परत खोलीत नेला आणि बाहेरून कडी घातली. मग परत येऊन कडी लागली आहे ना ते ओढून बघितलं.

ती ओट्यावर टेकली. साडेबारा झाले होते. आणि टेकल्या टेकल्या तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेचा वास आला. सासूबाईंचं चुकलं होतं ते फक्त जोरात. बाकी सगळं बरोबर होतं. ठिपका म्हणजे क्षार, क्षार विरघळतो आम्लात. ॲसिड नको, पण आम्ल हवंच. सौम्य. इतकं सौम्य की तोंडात घातलं तरी चालेल.

"आई, एखादी आंबट वस्तू सांगा घरातली. चिंच नको, तिचा रंग लागेल."

प्रमिलाबाईंनी क्षणभर विचार केला. "खमणमा टाकतस ते निंबूसत?"

नूतन उठली ती अशी, की प्रमिलाबाई दचकल्या. डब्यांच्या फळीवर, हिंगाच्या मागे, साखरेसारख्या पांढऱ्या खड्यांची बरणी होती. लिंबूसत. चहाच्या भांड्याच्या तळाला बसलेला पांढरा थर प्रमिलाबाई त्यानंच काढायच्या आणि या घरात तीन वर्षं राहून नूतननं ते शंभरदा पाहिलं होतं.

आता मात्र नूतनमधली काळजी कामाला लागली. एक लिटर पाण्याला दोन चमचे, जास्त नाही. पाणी बोअरचं नाही, नाहीतर एक ठिपका पुसताना दुसरा बसायचा; प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा जार फोडायचा. आधी सगळीकडे लावायचं नाही, पेट्रोलच्या झाकणाशेजारी, जिथं कोणी बघत नाही, तिथं एका ठिपक्यावर लावून बघायचं. फडकं खरखरीत नको. त्यासाठी तिनं जिनलचे जुने मलमलचे लंगोट काढले, बावीस निघाले, धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले. आणि गाडी उन्हात नको, पत्रा तापलेला असला की पाणी लगेच वाळतं. गाडी चिंचेच्या सावलीत न्यायची.

गाडी चालवायला दोघींपैकी कोणालाच येत नव्हती. गिअर काढून ढकलायचं ठरलं. दोघी मागून वाकल्या, पदर खोचले, जोर लावला. गाडी इंचभर हलेना. प्रमिलाबाई म्हणाल्या, आजकालच्या गाड्या जड. पुन्हा जोर लावला. प्रमिलाबाई म्हणाल्या, आजकालच्या सुना हलक्या. तिसऱ्या वेळी नूतनला आठवलं की हँडब्रेक ओढलेला आहे. तो सोडल्यावर गाडी इतक्या सहज निघाली की प्रमिलाबाई तोल जाऊन डिकीवर पोटावर पडल्या आणि गाडीबरोबर चार पावलं तशाच सरकत गेल्या. पुढे चिंचेच्या खोडाआधी नूतननं दार उघडून ब्रेक ओढला. प्रमिलाबाई तिथंच डिकीवर डोकं टेकवून हसत राहिल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. सासूबाईंना असं हसताना नूतननं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

पेट्रोलच्या झाकणाशेजारी तिनं ओलं फडकं दोन मिनिटं धरून ठेवलं. मनात आकडे मोजले. उचललं, हलक्या हातानं पुसलं, जारच्या पाण्यानं धुतलं, कोरड्या लंगोटानं टिपलं. ठिपका नव्हता. खाली रंग शाबूत होता, आणि त्या इवल्या जागेत नूतनला स्वतःचं नाक दिसलं.

मग दोघी लागल्या. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. नूतन फडकं धरायची, प्रमिलाबाई धुऊन टिपायच्या. बॉनेटवर काही ठिपके हट्टी निघाले, त्यांना दोनदा, तीनदा पाणी पाजावं लागलं. काम करता करता प्रमिलाबाई बोलायला लागल्या. आबा तरुणपणी केळीच्या घडांवरचा एकेक काळा डाग दुरून ओळखायचे. दोन वर्षांत ते शेतात जायचे कमी का झाले, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि प्रमिलाबाईंनी विचारलं नाही. केळी बघून येतो म्हणायचे आणि बांधावर बसून परत यायचे. "लाज वाटे त्याले," त्या म्हणाल्या आणि लंगोट पिळून दुसऱ्या ठिपक्याकडे वळल्या.

अडीच वाजता जिनल उठली. ती एका हातानं आईचा पदर आणि दुसऱ्या हातानं ओला लंगोट धरून उभी राहिली आणि पुढची वीस मिनिटं काहीच पुढे सरकलं नाही. टप झाला, बॉनेट झालं, चारी दारं झाली. डिकी राहिली. नूतन फडकं घेऊन मागच्या बाजूला पोचली आणि तेवढ्यात रिक्षाचा आवाज आला.

आबा उतरले. काळा गॉगल, पांढरी टोपी, हातात औषधांची पिशवी. हेमकांत हात धरायला गेला तो त्यांनी झटकला. त्यांनी आधी जिनलकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तिच्या हनुवटीला बोट लावून म्हणाले, हिला इथं तीळ आहे, मला कोणी सांगितलं नाही. हेमकांत म्हणाला, आबा, जन्मापासून आहे. आबा म्हणाले, असू दे, मला आज झाला.

मग ते गाडीकडे वळले आणि थांबले. गॉगल कपाळावर चढवला.

"ही ते निळी शे," ते म्हणाले.

 प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काळी गाडी कोठे गयी?"

"तीच आहे आबा," हेमकांत हळूच म्हणाला. "पहिल्यापासून निळीच आहे."

"अन् तुम्ही माले काळी काळी म्हनी ऱ्हायनात?" आबांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. पण आवाजात राग नव्हता. ते बॉनेटजवळ गेले, त्यात स्वतःचं प्रतिबिंब बघितलं, टोपी सरळ केली. दारावरून हात फिरवला. एकदा उजव्या, एकदा डाव्या बाजूनं बघितलं. पावसाआधी सातपुडा दिसतो तशी निळी, असं काहीसं ते स्वतःशीच म्हणाले. आणि असं करत करत ते मागच्या बाजूला आले.

नूतननं ओला लंगोट मुठीत घट्ट धरला होता.

आबांचा हात डिकीजवळ थांबला. ते पुढे झुकले, मागे झाले. गॉगल खाली घेतला, पुन्हा वर केला. चेहऱ्यावरचा सगळा उजेड हळूहळू उतरला. "ऱ्हाई गयात," ते म्हणाले. "डाग डोयामाच ऱ्हाई गयात." आणि त्यांचा हात डोळा चोळायला वर निघाला.

"आबा, डोळ्याला हात नका लावू," नूतन म्हणाली. "ते डाग डोळ्यात नाहीत. गाडीवर आहेत. मी केलेत. बोअरच्या पाण्यानं उन्हात धुतली मी गाडी, रोज."

आबांनी तिच्याकडे बघितलं, पण विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसे? निळ्या गाडीला काळी म्हणणारं हेच घर होतं. गेली दोन वर्षं त्यांना बरं वाटावं म्हणून या घरानं टीव्हीला जुना म्हटलं होतं आणि बल्ब बदलले होते. ते नुसतं म्हणाले, राहू दे बेटा, एक डोळा केला ना, पुरे झालं.

नूतनला कळलं की आता बोलून काही होणार नाही. तिनं आबांचा उजवा हात धरला. लग्नानंतर सासऱ्यांचा हात तिनं असा कधी धरला नव्हता. त्यांचं बोट एका ठिपक्यावर ठेवलं. बोटाला खरखर जाणवली. बाजूला गुळगुळीत, ठिपक्यावर खरखरीत. आबांच्या कपाळावर आठी पडली. मग तिनं तो लंगोट त्यांच्या हातात दिला, ठिपक्यावर दाबून धरायला लावला आणि आकडे मोजायला सांगितलं. वाकायचं नाही, उभ्या उभ्याच. पाणी डोळ्याकडे उडायला नको.

आबा मोजू लागले. साठापर्यंत मोजलं, ऐंशीपर्यंत मोजलं. शंभराला नूतननं त्यांच्या हाताखाली जारचं पाणी सोडलं आणि कोरडं फडकं दिलं. त्यांनी पुसलं.

ठिपका गेला. शेजारचे होते, तो एकटा गेला होता.

आबांनी दुसऱ्या ठिपक्यावर फडकं धरलं. पुन्हा मोजलं. तोही गेला. तिसऱ्याला त्यांनी मोजणं मोठ्यानं सुरू केलं आणि जिनल त्यांच्याबरोबर तिला येत असलेले दोनच आकडे पुन्हा पुन्हा म्हणू लागली. चौथ्याला आबांच्या मिशीखाली हसू फुटलं. पाचव्याला ते हेमकांतला म्हणाले, तू कशाला उभा आहेस, फडकं घे. मग सगळं घर डिकीभोवती जमलं आणि प्रमिलाबाईंनी ॲसिडच्या कॅनची आणि स्वतः गाडीवर पालथं पडण्याची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली की आबांना गाडीला धरून उभं राहावं लागलं.

शेवटी अगदी खाली, नंबराच्या पाटीशेजारी, बोटभर जागेत सात-आठ ठिपके उरले. हेमकांतनं फडकं लावायला हात पुढे केला तर आबांनी अडवलं.

"ते ऱ्हाऊ दे. दुसरा डोया व्हयना का मी पुसस."

दुसरा डोळा झाला की पुसणार? नूतनला वाटलं, आपण नीट ऐकलं ना? आणि लगेच, नेहमीप्रमाणे, तिच्या डोक्यात पुढची काळजी उभी राहिली. ठिपके फार दिवस ठेवले की रंगात खोल उतरतात, मग लिंबूसतानंही निघत नाहीत. तिनं ते तसंच सांगून टाकलं.

आबांनी ठिपक्यांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. "मंग डॉक्टरले फोन लाव," ते हेमकांतला म्हणाले. "तारीख लवकरनी दे म्हना."

डॉक्टरांनी तीन आठवडे थांबायला सांगितलं. तेवढे दिवस नूतननं त्या बोटभर जागेवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. आणि दुसरा डोळाही झाला आणि डॉक्टरांनी वाकायची, उचलायची परवानगी दिली त्या दिवशी आबांनी शेवटचा ठिपका स्वतः पुसला, जिनलला कडेवर घेतलं आणि ओट्याच्या पायऱ्या उतरले. एक, दोन, तीन. नूतन दारात उभी होती. तिनं हात पुढे केला नाही.

आता ती भेटेल त्याला, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा, एक गोष्ट विचारते, आणि तुम्हालाही तिचं तेच विचारणं आहे. तुमच्या घरातही कोणी असेल, आई असेल, काका असतील, मला सगळं नीट दिसतं म्हणणारं. आज जेवताना त्यांच्याशेजारी बसा. पानात मीठ कुठं वाढलंय ते त्यांना बघून कळतं, की बोटानं चाचपावं लागतं, एवढं बघा. चाचपत असतील तर हसून सोडून देऊ नका. हे वाचणं संपलं की उठा, आणि जाऊन बघून या.